चहाच्या कपावरून धर्मखटला चालला, पण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं दुसरं लग्न समाजाला वावगं वाटलं नाही

गुहागर म्हणलं की आपल्याला काय आठवतं? लांबच लांब समुद्रकिनारा, सुरूचं बन, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि व्याडेश्वराचं मंदिर. हा व्याडेश्वर कित्येक कोकणस्थ घराण्यांचा कुलस्वामी. त्यामुळं पुण्या-मुंबईत चार पिढ्या काढलेली माणसंही वर्षातून एकदा तरी इथं पाया पडायला येतात.

याच तालुक्यात कोतळूक नावाचं गाव आहे. तिथं ओकांच्या घरी, म्हणजे आजोळी, ९ मे १८६६ रोजी एक मुलगा जन्माला आला. गोपाळ कृष्ण गोखले. पुढचे नामदार गोखले, काँग्रेसचे अध्यक्ष, गांधीजी ज्यांना आपले राजकीय गुरू मानायचे ते.

गोखल्यांची एक गोष्ट आपल्याला शाळेपासून माहिती असते. गरिबीत शिकले, खूप हुशार होते, खोटं बोलायचे नाहीत, एवढी. दुसरी फारशी कोणी सांगत नाही, कारण त्यात कोणाचीच बाजू धड उजळ दिसत नाही. ती गोष्ट आहे समाजात "नॉर्मल" कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण याची.

आधी तेव्हाचं "नॉर्मल" समजून घेऊ

गुहागर गाव बघितलं असेल तर लक्षात आलं असेल. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि वाड्या. वरचा पाट, खालचा पाट. कोणाच्या घरी कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या अंगणात पंगत बसली आणि कोण त्या पंगतीला नव्हतं, सगळं सगळ्यांना दिसतं. कोकणातली बहुतेक जुनी गावं अशीच.

अशा गावात एखादा माणूस रीत सोडून वागला तर त्याला कोणी मारायला जात नसे. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. फक्त त्याच्याशी व्यवहार बंद व्हायचा. भटजी श्राद्धाला यायचे नाहीत. मुलाची मुंज अडायची. मुलीला स्थळ मिळायचं नाही, आणि लग्न झालेली मुलगी असेल तर तिचं माहेरी येणं थांबायचं. घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं गोळा करायची मारामार.

या प्रकाराला ग्रामण्य म्हणायचे. जातीतल्या माणसावर जातीनंच घातलेला बहिष्कार आणि त्यावरून चाललेला वाद. पुण्यात पेशवाईपासून याची उदाहरणं आहेत.

यातली खरी मेख अशी की बहिष्कार एका माणसावर पडला तरी चटका सगळ्या घराला बसायचा. स्वतः बंडखोर असलेला माणूस एकवेळ सहन करेल. पण आईच्या श्राद्धाला भटजी नाही, बहीण माहेरी येऊ शकत नाही, हे तो किती दिवस बघणार? म्हणून भलेभले वाकायचे.

आता या सगळ्यात गोखले कुठं होते ते बघू.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोखल्यांचं मूळ घराणं ताम्हनमळ्याचं. वडील कृष्णराव नोकरीसाठी देशावर गेले आणि कागल संस्थानात कारकून झाले. पुढं फौजदारही झाले. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता.

मोठा भाऊ गोविंदराव. त्यानं शिक्षण सोडलं आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा. म्हणजे अख्ख्या घराला उरायचे सात.

हा हिशोब लक्षात ठेवा. ज्या घरानं आपल्यासाठी पोटाला चिमटा काढला, त्या घराला पुढं एखाद्या गोष्टीत नाही म्हणणं किती अवघड जात असेल, ते या आठ रुपयांवरून कळतं.

वडील गेल्यानंतरच्या वर्षी, १८८० मध्ये, गोपाळचं लग्न झालं. वय वर्षं चौदा. मुलीचं नाव सावित्रीबाई. त्या काळच्या मानानं यात काहीच विशेष नव्हतं. उलट चौदाव्या वर्षी मुलाचं लग्न ठरलं नसतं तर लोकांनी चौकशी केली असती.

पुढं कोल्हापूर, पुणे आणि मुंबई असं कॉलेज करून १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून ते बी. ए. झाले. वय अठरा. त्यांच्याबरोबरच बी. ए. झालेला एक दोस्त होता, धोंडो केशव कर्वे. हा मुरुडचा, म्हणजे गुहागरहून दाभोळची खाडी ओलांडली की जो दापोली तालुका लागतो तिथला. हा गडी आपल्या गोष्टीत परत येणार आहे.

बी. ए. झाल्यावर मामलेदारी, वकिली असले पैशाचे रस्ते मोकळे होते. घरच्यांची अपेक्षाही तीच असणार. गोखले मात्र टिळक-आगरकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले, आणि मग फर्ग्युसन कॉलेजात आले.

१८८७

या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक सगळीकडं लिहिली जाते. त्या वर्षाच्या सुमारास गोखल्यांची न्यायमूर्ती रानड्यांशी ओळख झाली आणि त्यांना गुरू मिळाला. दुसरी गोष्ट चरित्रांत दोन-तीन ओळींत उरकली जाते. त्याच वर्षी गोखल्यांनी दुसरं लग्न केलं. सावित्रीबाई हयात असताना.

कारण काय? सावित्रीबाईंना कोड होतं. अंगावर पांढरे डाग.

आता इथं जरा थांबू. कोड म्हणजे काय, तर त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काम करेनाशा होतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. बस्स. ते स्पर्शानं पसरत नाही. महारोगाशी त्याचा काही संबंध नाही. पण त्या काळी लोक त्याला श्वेतकुष्ठ म्हणायचे, आणि त्या नावातल्या "कुष्ठ" शब्दानंच अर्धं काम व्हायचं. अशा बाईनं सोवळ्यात स्वयंपाक करायचा का, तिला मूल होऊ द्यायचं का, असले प्रश्न घरात सुरू व्हायचे. खरं सांगायचं तर आजही लग्नाच्या बाजारात कोडाचा डाग लपवायला लोक किती धडपडतात, ते आपल्याला माहिती आहे.

घरच्यांनी आग्रह धरला. दुसरं लग्न करायलाच पाहिजे. गोखले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी मान तुकवली.

चरित्रांत असंही येतं की सावित्रीबाईंची संमती घेतली होती. घेतली असेलही. पण जिला स्वतःची कमाई नाही, जिला माहेरी परत जाणं म्हणजे बदनामी, आणि जिच्याबद्दल घरात सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय, तिनं नाही म्हणायचं ठरवलं असतं तर ती गेली कुठं असती? ही संमती म्हणजे दुसरा दरवाजाच नसलेल्या खोलीतून बाहेर पडण्यासारखं आहे.

मुद्दा असा की समाजाच्या दृष्टीनं यात काही बिघडलं नाही. पहिली बायको असताना दुसरी करणं पुरुषाला कायद्यानं मोकळं होतं, आणि रीतीनंही. भटजी आले, विधी झाला. ग्रामण्य नाही, बहिष्कार नाही, प्रायश्चित्त नाही.

आणि हेच १८८७ साल दुसऱ्या एका खटल्यानं गाजत होतं. मुंबईत रखमाबाई नावाची तरुणी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडं नांदायला जायला नकार देत होती. कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. सगळी मुंबई, सगळं पुणं पेटलं. वर्तमानपत्रांचे रकाने भरले. धर्म बुडाला, अशी ओरड झाली.

एका बाईनं एक नवरा नाकारला तर धर्म बुडतो, आणि एका पुरुषानं दुसरी बायको केली तर तो संसार सावरतो. हे त्या वेळचं नॉर्मल.

सुधारकांच्या वर्तुळात मात्र गोखल्यांच्या लग्नावर टीका झाली. आणि ती त्यांना लागलीही. हे शल्य त्यांना पुढं राहिलं, असं चरित्रकार लिहितात.

गुरू तरी काय वेगळे होते म्हणा. रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. आता हे विधवेशी लग्न करतील म्हणून सगळे बघत होते. त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढं हात टेकले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच पुढच्या रमाबाई रानडे. म्हणजे गुरू-शिष्य दोघंही बाहेर वाघ होते आणि दोघंही घरातल्या ओटीवर हरले.

आता तो चहा

लग्नाला तीन वर्षं झाली. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. बोलावणाऱ्यांत होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती. अतिशय विक्षिप्त आणि लोकांची फजिती करण्यात पटाईत माणूस.

पुण्यातली चाळीसच्या वर बडी मंडळी आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झालं आणि मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढं केली. काही जण प्यायले. काहींनी कप नुसता हातात धरला. काहींनी बाजूला ठेवला.

गोपाळरावांनी काय करावं? आलेल्यांची नावं "पुणे वैभव" नावाच्या पत्रात छापून टाकली.

मग जो काही धुरळा उडाला, विचारू नका. सनातन्यांनी थेट शंकराचार्यांकडं तक्रार केली. शास्त्री नेमून चौकशी बसली. कोणी चहा प्यायला, कोणी बिस्किट खाल्लं, कोणी फक्त बसून होतं, याच्या साक्षी झाल्या. प्रश्न चहाचा नव्हताच. प्रश्न होता तो कोणाच्या हातचा होता याचा.

हे प्रकरण दीड-दोन वर्षं चाललं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे आधी बधले नाहीत. पण त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांच्या घरची कार्यं अडायला लागली, लेकीबाळींची येणी-जाणी थांबली, आणि शेवटी १८९२ मध्ये मित्रांसाठी म्हणून त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पुढं पोचलेला माणूस, चहासाठी प्रायश्चित्ताला बसला. रमाबाईंना ते अजिबात आवडलं नव्हतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कोड आलं म्हणून एका बाईच्या संसारात सवत आणली गेली, त्याचा हिशोब धर्मसभेनं मागितला नाही. चहाचा मात्र घोटाघोटानं मागितला.

खाडीपलीकडचा दोस्त

टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी आपल्या जुन्या वर्गमित्राला बोलावलं. १८९१ मध्ये कर्वे पुण्यात आले. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली.

पुन्हा लग्नाचा विषय निघाला. कर्व्यांसमोर तोच फाटा होता जो रानड्यांसमोर आला होता. त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई जोशी या विधवेशी लग्न केलं. त्या मित्राच्या बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनच्या विद्यार्थिनी. विधवाविवाह कायद्यानं १८५६ पासून मान्य होता. म्हणजे सदतीस वर्षं झाली होती.

तरीही मुरुडमध्ये सभा बसली. कर्वे असतील त्या बैठकीला कोणी जायचं नाही. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्या घरावरही बहिष्कार. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईच्या घरी उघडपणे जायची सोय राहिली नाही.

गोखल्यांच्या लग्नानं एका जिवंत बाईच्या वाट्याला दुखणं आलं, आणि समाज गप्प. कर्व्यांच्या लग्नानं एका बाईला संसार मिळाला, आणि कर्व्यांना स्वतःचं गाव परकं झालं. दोघं एकाच जातीतले, एकाच वर्गात शिकलेले, एकाच खाडीच्या दोन अंगांचे.

हो, फर्ग्युसनमधून कर्व्यांना काढलं गेलं नाही. ते तिथं १९१४ पर्यंत शिकवत राहिले. ही गोष्ट छोटी वाटेल, पण गाव तुटलं तरी पगार आणि चार मित्र शाबूत राहिले, म्हणून कर्वे उभे राहू शकले. एकट्यानं रीत मोडणं आणि मागं कोणीतरी असताना मोडणं यात फार फरक असतो.

गोखल्यांना पण एकदा वाळीत पडल्याचा अनुभव आला

तो जातीचा नव्हता, राजकारणाचा होता. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगचा धुमाकूळ सुरू होता, आणि घरं तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या. त्यांनी त्या तिकडं जाहीर केल्या. परत आले तर पुरावा द्यायला कोणी पुढं येईना. आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगणं त्यांना पटेना.

त्यांनी जाहीर माफी मागितली.

त्या वर्षी अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा लोक त्यांच्यावर इतके चिडलेले होते की त्यांनी व्यासपीठावर असावं हेही अनेकांना नको होतं. माफी मागणारा भित्रा, असं समीकरण झालं होतं. गोखले एकतीस वर्षांचे होते. हे ते पुढं कित्येक वर्षं विसरले नाहीत.

माझं आपलं वाचन असं की या सगळ्यातून गोखल्यांचा स्वभाव घडला. त्यांच्या बोलण्यात आगरकरांची धार कधी आली नाही. "सुधारक" पत्राची इंग्रजी बाजू ते सांभाळायचे, पण जिवंतपणी प्रेतयात्रा निघालेल्या आगरकरांसारखं लोकांच्या अंगावर जाणं त्यांना जमलं नाही. ज्यानं एकदा घरासमोर मान तुकवली, त्याला दुसऱ्याला भित्रा म्हणणं जड जात असावं.

पण मग त्यांनी केलं काय?

एप्रिल १९०३ मध्ये धारवाडला सामाजिक परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेवर भाषण केलं. त्याचा आशय असा होता की, माणसाला मांजर-कुत्र्याइतकंही जवळ येऊ द्यायचं नाही आणि तोच माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्याशी हात मिळवायचा, ही कुठली रीत? दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर चिडायचं आणि आपल्या गावात तेच करायचं, याला त्यांनी बोट लावलं. ऐकणारे सगळे सुशिक्षित होते. त्यांना ते लागलं असणार.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज सुरू झाला. गोखले, द्रविड, पटवर्धन आणि देवधर. सदस्याला सात शपथा घ्याव्या लागायच्या. त्यातली एक होती जात-धर्म न बघता सगळ्या हिंदी लोकांना भाऊ मानण्याची.

१९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि पुढं मोफत करण्याचं विधेयक मांडलं. मुलीच कशाला, गरिबांची मुलं तरी शाळेत कशाला, हे तेव्हाचं नॉर्मल होतं. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात सरकारी सभासद होते तसे आपलेही होते.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या सरकारनं त्यांना फिरायला रेल्वेचा खास डबा दिला. साध्या हिंदी मजुराला मात्र वर्षाला तीन पौंड कर भरून राहावं लागायचं. पाहुणा म्हणून एकाला नियमातून सूट द्यायची आणि बाकीच्यांना नियमात ठेवायचं. ही युक्ती गोखल्यांना नवी नसणार, ते कोकणातून आले होते.

त्यांच्या दुसऱ्या पत्नीही लवकर वारल्या. त्यांना दोन मुली होत्या. गोखल्यांनी त्यानंतर लग्न केलं नाही, आणि मुलींना शिकवलं.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, वय अवघं अठ्ठेचाळीस. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडण झालं ते टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांच्याबद्दल चांगलं बोलले.

कर्वे पुढं महर्षी झाले, १९५८ मध्ये भारतरत्न झाले, आणि ज्या मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं होतं ते आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

आणि पहिली बायको असताना दुसरी करणं? त्यावर मुंबई प्रांतात कायद्यानं बंदी आली १९४६ मध्ये. देशभरातल्या हिंदूंसाठी १९५५ मध्ये. गोखल्यांच्या त्या लग्नाला तेव्हा अडुसष्ट वर्षं झाली होती.